‘कँडिडेट’पासून कंदिलापर्यंत : इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ कसं शोधावं

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत लॅटिन मुळांच्या लांबच लांब याद्या असतात. ‘डिक्ट’ म्हणजे बोलणं, ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं, ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं. मुलं त्या घोकतात, परीक्षा होते आणि पुढच्या महिन्यात त्यातलं काहीही आठवत नाही. यात मुलांचा दोष नाही. ज्या शब्दाचा आगापिछा माहीत नाही तो डोक्यात राहत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की याद्या बाजूला ठेवा, एकच शब्द घ्या आणि त्याचा थेट रोमपर्यंत माग काढा. एका शब्दाला संध्याकाळ गेली तरी चालेल. त्या एका शब्दाबरोबर त्याचं अख्खं गोत हाती लागतं आणि ते विसरायला होत नाही.

मराठी माणसाला हे काम इतरांपेक्षा सोपं जातं. उपसर्ग, धातू, प्रत्यय, संधी, तत्सम-तद्भव हे सगळं आपण शाळेत शिकलेलो असतो. लॅटिनच्या वाटेवर नेमकी हीच शिदोरी लागते. या लेखात आपण ‘कँडिडेट’ हा एक शब्द घेऊन सगळ्या पायऱ्या चढू.

आधी साधनं

फार काही लागत नाही. इंग्रजीसाठी मेरियम-वेबस्टर आणि एटिमऑनलाइन ही दोन संकेतस्थळं फुकट आहेत. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश सगळ्यांत सखोल, पण त्याला वर्गणी पडते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाला तर जरूर वापरा. लॅटिनसाठी लुइस आणि शॉर्ट यांचा 1879 चा कोश आजही कामाचा आहे. तो अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’वर आणि शिकागो विद्यापीठाच्या ‘लोगेऑन’वर मोफत पाहता येतो. मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा कोश घ्या. त्यात शब्द संस्कृत, अरबी की फारसी हे अक्षरखुणेनं दिलेलं असतं, आणि तोही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात आहे. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश मिळाला तर उत्तमच.

शिवाय एक वही. प्रत्येक शब्दाला एक पान द्या.

पहिली पायरी : आजचा अर्थ

पानाच्या माथ्यावर शब्द लिहा आणि त्याखाली आजचा अर्थ तुमच्या स्वतःच्या वाक्यात. कँडिडेट : निवडणुकीला, नोकरीला किंवा परीक्षेला उभा राहिलेला माणूस. हे आधी लिहायचं, कारण मूळ सापडलं की माणूस त्याच्या मोहात पडतो आणि मूळ अर्थ हाच ‘खरा’ अर्थ असं मानू लागतो. डिसेंबरच्या पोटात ‘देकेम’ म्हणजे दहा आहे. जुनं रोमन वर्ष मार्चपासून मोजत, तेव्हा तो दहावा महिना होता. आज तो बारावा आहे आणि कुणाचं काही अडत नाही. शब्दाचा अर्थ वापर ठरवतो. मूळ एवढंच सांगतं, की तो अर्थ कुठून चालत आला.

दुसरी पायरी : कोशातली नोंद वाचणं

कोशातला व्युत्पत्तीचा चौकट-कंस बहुतेक जण उडी मारून पुढे जातात. तिथंच थांबा. ‘पासून’ या अर्थाचा शब्द असेल तर तो थेट वारसा किंवा उसनवारी. ‘सजातीय’ या अर्थाचा शब्द असेल तर ती भावंडं. एकातून दुसरा निघालेला नाही. शब्दाच्या आधी तारकेची खूण असेल तर तो कुठंही लिहिलेला सापडलेला नाही, भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेतून तो रचलेला आहे. ‘बहुधा’, ‘कदाचित’ हे शब्द दिसले तर तेही वहीत उतरवा, गाळू नका. आणि जे साल दिलेलं असतं ते शब्दाच्या जन्माचं नसतं. सापडलेल्या सर्वांत जुन्या लिखित वापराचं ते साल.

कँडिडेटपुढे नोंद अशी मिळते : सतराव्या शतकाच्या आरंभी लॅटिन ‘कन्दिदातुस’पासून, अर्थ ‘पांढरी वस्त्रं ल्यालेला’, ते ‘कन्दिदुस’पासून, म्हणजे शुभ्र, लखलखीत, आणि ते ‘कन्देरे’पासून, म्हणजे चमकणं.

इथं उच्चाराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अभिजात लॅटिनमध्ये रोमन ‘सी’ हे अक्षर नेहमी ‘क’ वाचायचं. ज्या रोमन वक्त्या-राजकारण्याला आपण सिसेरो म्हणतो तो स्वतःला किकेरो म्हणायचा. शंभरासाठीचा शब्द ‘केन्तुम’, ‘सेंटम’ नव्हे. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाला लॅटिनमध्ये महत्त्व आहे, म्हणून लॅटिन शब्द वहीत देवनागरीत लिहा. रोमन अक्षरांपेक्षा ते कितीतरी स्वच्छ दिसतात आणि संस्कृतशी असलेलं साम्य लगेच डोळ्यांत भरतं.

तिसरी पायरी : फोड

आता शब्दाचे तुकडे करा. ‘कन्दिदातुस’ची फोड तीन थरांची आहे. तळाशी धातू ‘कन्द्’, चमकणे. त्याला ‘इदुस’ लागून विशेषण झालं ‘कन्दिदुस’. हाच प्रत्यय इंग्रजीत ‘इड’ होऊन उरला : फ्लुइड म्हणजे वाहतं, व्हिविड म्हणजे जिवंत, टिमिड म्हणजे भित्रं. त्यावर पुन्हा ‘आतुस’ लागलं, म्हणजे ‘ते धारण केलेला’. टोगा, म्हणजे रोमन नागरिकाचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, नेसलेला तो ‘तोगातुस’, शुभ्र वस्त्र ल्यालेला तो ‘कन्दिदातुस’.

या शब्दाला उपसर्ग नाही, पण बहुतेक लॅटिन शब्दांना असतो, आणि तिथं लोक अडतात कारण उपसर्ग रूप बदलतो. ‘इन’ हा कधी ‘इम’ होतो, कधी ‘इल’, कधी ‘इर’ : इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. ‘कॉन’चं ‘कॉम’, ‘कॉल’, ‘कॉर’ होतं. ‘अद्’ तर पुढचं व्यंजन पाहून रंग बदलतो : अफेक्ट, अलाय, अनेक्स, अप्लाय, अटेंड. इंग्रजी शिकणाऱ्याला हे अपवादांचं जंगल वाटतं. आपल्याला ते व्यंजनसंधी म्हणून ओळखू यायला हवं. सत् आणि जन मिळून सज्जन होतो, उत् आणि लास मिळून उल्लास, तसंच अद् आणि ‘फकेरे’ मिळून ‘अफ्फिकेरे’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराला एकच व्यंजन दोनदा आलं असेल तर तिथं बुजलेला उपसर्ग असण्याची शक्यता धरा. ॲकॉमोडेटमध्ये दोन ‘सी’ आणि दोन ‘एम’ का, याचं उत्तर हेच. त्यात ‘अद्’ आणि ‘कॉम’ असे दोन उपसर्ग लागोपाठ बसले आहेत. हे एकदा कळलं की ते स्पेलिंग चुकत नाही.

वरच्या ‘अफ्फिकेरे’मध्ये आणखी एक गोष्ट दिसते. ‘फकेरे’मधला ‘अ’ उपसर्ग लागल्यावर ‘इ’ झाला. लॅटिनची ही खोड आहे : उपसर्गामागे गेलेला स्वर उतरतो. म्हणून फॅक्ट, इफेक्ट आणि डेफिसिट ही एकाच धातूची पोरं. कॅप्चर, अक्सेप्ट आणि रेसिपी हीदेखील. ‘कन्द्’चंही तेच झालं : उपसर्ग लागून ‘इन्केन्देरे’, पेटवणं. त्यातून इन्सेन्स म्हणजे धूप आणि इन्सेन्डिअरी म्हणजे आगलावं. कँडिडेट आणि इन्सेन्स यांचं नातं स्पेलिंगवरून सहसा ध्यानात येत नाही, स्वर उतरतो हे माहीत असेल तरच दिसतं.

चौथी पायरी : लॅटिन कोशात शब्द शोधणं

नवखे इथं हमखास अडकतात. इंग्रजी कोश व्युत्पत्तीत लॅटिन क्रियापदाचं ‘कन्देरे’ हे रूप देतो, म्हणजे ‘चमकणे’. बरेच लॅटिन कोश मात्र ‘कन्देओ’ खाली नोंद करतात, म्हणजे ‘मी चमकतो’. हे ठाऊक नसेल तर शब्द कोशात नाहीच असं वाटतं. टंकताना स्वरांवरच्या आडव्या रेघा सोडून द्या, शोध लागतो.

क्रियापदाची दोन रूपं नेहमी टिपून ठेवा : साधं आणि भूतकाळवाचक कृदन्त. इंग्रजीनं दोन्ही उचलली आहेत. ‘स्क्रीबेरे’वरून डिस्क्राइब, त्याच्या ‘स्क्रिप्तुम’ रूपावरून डिस्क्रिप्शन. ‘मित्तेरे’वरून परमिट, ‘मिस्सुम’वरून परमिशन. संस्कृतात युज् आणि युक्त, दृश् आणि दृष्ट, तसाच हा प्रकार. नुसता तसाच नाही, तर लॅटिनचा ‘तुस’ आणि संस्कृतचा ‘त’ हा प्रत्यय मुळात एकच आहे.

नामांचंही दुसरं रूप, म्हणजे षष्ठीचं, पाहायचं. राजा ‘रेक्स’, राजाचा ‘रेगिस’. पाय ‘पेस’, पायाचा ‘पेदिस’. इंग्रजीनं बहुधा दुसऱ्या रूपातला गाभा घेतला : रीगल, पेडल. संस्कृत कोशात आपण ‘राजा’ न शोधता ‘राजन्’ शोधतो, त्यातलंच हे.

पाचवी पायरी : रोममध्ये जाऊन पाहणं

फोड केली, अर्थ मिळाला : शुभ्रवस्त्रधारी. पण शुभ्र वस्त्रांचा निवडणुकीशी काय संबंध? इथं कोश बंद करून इतिहास उघडायचा, आणि मला या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाची वाटते ती हीच पायरी.

रोमन नागरिकाचा टोगा साधारणपणे लोकरीच्या स्वाभाविक रंगाचा असे. पदासाठी उभा राहणारा माणूस मात्र आपला टोगा खडूनं घासून झगझगीत पांढरा करवून घेई. त्याला ‘तोगा कन्दिदा’ म्हणत. तो नेसून तो फोरममध्ये, म्हणजे भरचौकात, फिरायचा, लोकांचे हात हातात घ्यायचा. सोबत नावं सांगणारा एक गुलाम असायचा. समोरून येणाऱ्याचं नाव तो हळूच कानात सांगे, म्हणजे मालकाला ओळख असल्यासारखी हाक मारता येई. रोमन इतिहासकार लिव्हीच्या ग्रंथात इसवी सनपूर्व 432 ची नोंद आहे, की मतं मागण्यासाठी कपड्यावर पांढरा रंग चढवायला कायद्यानं बंदी करण्यात आली. ती टिकली नाही. इसवी सनपूर्व 64 मध्ये सिसेरो कॉन्सलपदासाठी, म्हणजे रोमच्या सर्वोच्च निवडून येणाऱ्या नेहमीच्या पदासाठी, उभा राहिला, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध त्यानं सिनेटमध्ये केलेलं भाषण ‘तोगा कन्दिदा नेसून’ याच नावानं ओळखलं जातं. त्याचे तुकडेच आज उरले आहेत. निवडणूक तो जिंकला.

हे वाचल्यावर वहीत एक ओळ लिहा : चमकणे, म्हणून शुभ्र, म्हणून शुभ्र टोगा नेसलेला, म्हणून पद मागणारा. अर्थाची ही साखळी स्वतःच्या हातानं लिहिली की शब्द पाठ करावा लागत नाही.

सहावी पायरी : इंग्रजीत कुठल्या वाटेनं आला

लॅटिन शब्द इंग्रजीत मुख्यतः तीन लाटांत आले. काही फार जुने, ख्रिस्ती धर्माबरोबर आलेले, कँडल त्यातला. मोठी लाट 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आली. आणि तिसरी सोळाव्या-सतराव्या शतकांत, जेव्हा विद्वान थेट लॅटिन ग्रंथांतून शब्द उचलू लागले. कँडिडेट या तिसऱ्या लाटेतला, म्हणून त्याचं रूप फारसं झिजलेलं नाही.

हाही भेद आपल्याला नवा नाही. कर्म आणि काम, हस्त आणि हात, अग्नि आणि आग. थेट आलेला शब्द तत्सम, फ्रेंच तोंडांतून झिजून आलेला तद्भव. फ्रॅजाइल आणि फ्रेल, सिक्युअर आणि शुअर, रीगल आणि रॉयल या अशाच जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत पहिला तत्सम, दुसरा तद्भव.

फ्रेंचची एक खूण पक्की लक्षात ठेवा. लॅटिन ‘क’पुढे ‘अ’ आला की फ्रेंचमध्ये आधी ‘च’ झाला आणि पुढे त्याचा ‘श’ झाला. त्यामुळे उसनवारीचा काळ कानावरून ओळखता येतो. डोक्यासाठीच्या ‘कपुत’पासून चीफही आला आणि शेफही. चीफ आला तेव्हा फ्रेंच लोक ‘च’ म्हणत होते, शेफ आला तेव्हा ‘श’. आता झुंबरासाठीचा शब्द बघा : शँडेलियर. लॅटिन ‘कन्देला’, फ्रेंच ‘शांदेल’, आणि ‘श’वरून कळतं की आजचं रूप उशिरा घेतलेलं आहे.

सातवी पायरी : गोतावळा, आणि त्यातले तोतये

पानाच्या मध्यभागी ‘कन्द्’ लिहा आणि भोवती नातेवाईक मांडा. कँडल. शँडेलियर. कँडिड, जो आधी ‘पांढरा’, मग ‘निर्मळ’, मग ‘मनमोकळा’ झाला. इन्कँडेसंट, तापून उजळणारा. त्यातला ‘एस्क’ हा तुकडा ‘होऊ लागणे’ दाखवतो, जसा ॲडोलेसंटमध्ये. प्रकाशाची तीव्रता मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक कँडेला. आणि कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी, जिच्या नावातले दोन्ही शब्द पांढरेपणाच सांगतात.

कँडी? अक्षरं तीच, पण ही या घरातली नव्हे. आपल्या संस्कृत ‘खण्ड’पासून फारसी-अरबीत ‘कंद’ झालं, तिथून फ्रेंचमार्गे ते इंग्लंडला पोचलं. आपली खांड तीच. म्हणून नियम असा : नाद जुळला तरी कोशात पाहिल्याशिवाय शब्द गोतावळ्यात घ्यायचा नाही.

उलट ज्याच्याकडे आपलं लक्षही जात नाही तो शब्द घरचा निघतो. कंदील. मराठीत तो फारसी-अरबीतून आला, अरबीत ग्रीकमधून, आणि ग्रीकमध्ये लॅटिन ‘कन्देला’वरून. दिवाळीत आपण दारात आकाशकंदील टांगतो तेव्हा त्या शब्दात रोमची मेणबत्ती असते.

आठवी पायरी : संस्कृतशी सांधा

संस्कृत आणि लॅटिन ही भावंडं आहेत. विल्यम जोन्स या कलकत्त्यातल्या ब्रिटिश न्यायाधीश-भाषाभ्यासकानं 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हे ठामपणे मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच, बहुधा आता अस्तित्वात नसलेल्या, मुळातून आल्या असाव्यात. म्हणून ‘लॅटिन संस्कृतातून निघाली’ असं वहीत लिहू नका. ते चूक आहे.

नातं जुळतं की नाही हे नियमांनी तपासायचं. संस्कृत ‘अ’च्या जागी लॅटिनमध्ये पुष्कळदा ‘ए’ किंवा ‘ओ’ येतो : सप्त-सेप्तेम, नव-नोवेम, दन्त-देन्तिस. संस्कृत ‘भ’ शब्दारंभी असेल तर लॅटिन ‘फ’ : भ्रातृ-फ्रातेर. संस्कृत ‘ज’ समोर ‘ग’ : जानु-गेनु. लॅटिन ‘क’च्या समोर संस्कृतात बरेचदा ‘श’ : केन्तुम-शतम्, देकेम-दश, पण मूळचा ‘क’ वेगळ्या जातीचा असेल तर ‘क’ किंवा ‘च’.

आणि ‘कन्द्’च्या समोर उभा राहतो आपला चन्द्र, म्हणजे चमकणारा. वेदांत याचं जुनं रूप ‘श्चन्द्र’ असंही सापडतं, आणि ते एका नावात आजवर शाबूत आहे : हरिश्चंद्र. तिथला ‘श्’ कुठून आला हा प्रश्न जुन्या वैयाकरणांनाही पडला होता. पाणिनीनं प्रस्कण्व आणि हरिश्चन्द्र या दोन ऋषिनामांसाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे. हरिश्चंद्रगडाच्या नावात आणि रोमन उमेदवाराच्या टोग्यात एकच धातू आहे, हे मला आजही विलक्षण वाटतं.

दुसरा शब्द, झपाझप

आता त्याच पायऱ्यांवरून ‘ॲम्बिशन’ घ्या. आजचा अर्थ महत्त्वाकांक्षा. लॅटिन ‘अम्बितिओ’. फोड : ‘अम्बि’ म्हणजे भोवती, ‘ईरे’ म्हणजे जाणं. रोममध्ये काय? मतांसाठी घरोघर, चौकाचौकांत फिरणं. म्हणजे पांढरा टोगा नेसून उमेदवार जे करायचा तेच. याच शब्दाचा भाऊ ‘अम्बितुस’ हा निवडणुकीतल्या लाचखोरीच्या गुन्ह्याचं नाव होता आणि सिसेरोनं स्वतः इसवी सनपूर्व 63 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. वाट : फ्रेंचमधून. गोतावळा : एक्झिट, ट्रान्झिट, सर्किट. संस्कृत सांधा : अभितः आणि ‘इ’ धातू. उदय, व्यय, अन्वय आणि खुद्द ‘प्रत्यय’ हे शब्द त्याच ‘इ’चे.

चकवे

सॅलरीत मीठ आहे हे खरं. ‘सालारिउम’ हा ‘साल’पासूनच बनला. पण सैनिकांना पगार म्हणून मीठच देत, या लोकप्रिय गोष्टीला प्राचीन पुरावा नाही. सिन्सिअर म्हणजे ‘मेणाशिवाय’, कारण लबाड शिल्पकार भेगा मेणानं बुजवत, ही गोष्ट तर सरळ रचलेली आहे. ‘सिन्केरुस’ म्हणजे निर्भेळ, अखंड. गोष्ट जितकी गोड, तितका पुरावा जास्त मागा.

काही अक्षरंही फसवी असतात. डेट म्हणजे कर्ज, त्यातला मुका ‘बी’ इंग्रजी बोलण्यात कधी नव्हताच. शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला आणि मागाहून पंडितांनी ‘देबितुम’ची आठवण म्हणून तो घुसवला. आयलंड तर अस्सल जर्मानिक शब्द; लॅटिन ‘इन्सुला’च्या घरातल्या ‘आइल’शी गल्लत होऊन त्यात ‘एस’ आला. लॅटिन ‘दिएस’ आणि इंग्रजी ‘डे’ दोन्ही दिवसच, पण नातं शून्य. लॅटिन ‘देउस’ आपल्या देवाचा भाऊ आहे, ग्रीक ‘थेओस’ मात्र कुणीच नाही.

सरावाला पिटिशन, सिनेट आणि रायव्हल घ्या. तिन्ही रोमच्या सार्वजनिक जीवनातले. पहिल्याच्या तळाशी संस्कृत ‘पत्’चा भाऊ सापडेल. दुसऱ्यात म्हातारा माणूस आहे, आणि त्याचा सांधा वैदिक ‘सन’ म्हणजे जुना या शब्दाशी लागतो. तिसऱ्यात एक ओढा आहे. त्याच्या दोन काठांवरच्या शेतकऱ्यांपासून प्रतिस्पर्ध्यापर्यंतची साखळी वहीत स्वतः लिहून पाहा, मगच कोशाशी ताडा.